लुक्लाला सेस्ना १७२ कधी अलीकडे आदळते, कधी भिंतीपर्यंत जाते

दूरदिशा:
मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२०. नेपाळमधल्या लुक्ला विमानतळावर सेस्ना १७२ हे छोटं विमान उतरवायचं आहे. फायनलवर (धावपट्टीकडे सरळ येताना) ६५ नॉट, फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या) पूर्ण ३० अंश. सपाट धावपट्ट्यांवर याच आकड्यांत लँडिंग नीट होतं. इथे एकतर धावपट्टीच्या अलीकडे आदळते, नाहीतर टेकताच उसळून वरच्या भिंतीवर. फुल थ्रॉटल देऊनही गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं) होत नाही. लाइव्ह हवामान, दुपारची वेळ. चुकतंय कुठे?

वाऱ्याची_दिशा:
तुमचे आकडे बरोबर आहेत. नजर फसतेय.

धावपट्टी ५२७ मीटर लांब आणि ११.७ टक्के चढाची, म्हणजे वरचं टोक खालच्यापेक्षा सुमारे २०० फूट उंच. चढाची धावपट्टी समोरून उभी दिसते, त्यामुळे आपण फार उंचावर आहोत असं वाटतं. मग नाक खाली जातं आणि विमान अलीकडे आदळतं. दिसण्यावर न जाता उंची मोजा: ३ सागरी मैलांवर साधारण १०,१०० फूट, पुढे दर मैलाला ३०० फूट कमी. आधी कीबोर्डवरचं बी दाबून अल्टिमीटर (उंचीमापक) जुळवून घ्या, नाहीतर या हिशेबाला अर्थ नाही.

उसळीचं कारण फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक वर घेणं. सपाट जमिनीवर ३ अंशांची उतरण मोडली की झालं. इथे जमीनच जवळपास ७ अंश वर चढते, म्हणजे नाकाला १० अंशांचा फरक करावा लागतो. तो थ्रॉटल बंद ठेवून केलात तर वेग संपतो आणि विमान धप्पकन पडतं. फ्लेअर थोडा लवकर सुरू करा, चाकं टेकेपर्यंत थोडी पॉवर राहू द्या. टेकल्यावर चढच वेग खातो, ब्रेकवर जोर लागत नाही. उलट वर पोचण्याआधी थांबू नये म्हणून पुन्हा थ्रॉटल द्यावा लागतो.

दूरदिशा:
मग वेग ५५ वर आणला तर?

मिक्श्चर_लीन:
नको. ६१ च्या खाली जाऊ नका. ९,३०० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या पाऊणपट असते. वेगदर्शकावर ६५ असताना खरा वेग ७५ च्या आसपास असतो, म्हणून जमीन भराभर मागे जाते आणि वेग जास्त वाटतो. स्टॉल (वेग कमी पडून पंखांची उचल संपणं) मात्र वेगदर्शकावरच्या त्याच आकड्याला होतो. ३ अंशांसाठी उतरण्याचा दर मिनिटाला ३७५ फूट धरा.

पॉवर न मिळण्याचं कारण बहुधा मिक्श्चर, म्हणजे इंजिनातलं इंधन-हवेचं प्रमाण. ते पूर्ण रिच (इंधन जास्त) असेल तर या उंचीवर इंजिन गुदमरतं. फायनलला येण्याआधी फुल थ्रॉटलवर मिक्श्चर हळूहळू मागे घ्या (लीन करा, म्हणजे इंधन कमी), आरपीएम (इंजिनाचे फेरे) सर्वात जास्त होईल तिथे ठेवा. गेमच्या असिस्ट सेटिंगमध्ये ऑटो मिक्श्चर चालू असेल तर हे लागत नाही. इंधन २५ टक्के ठेवा, तासाभराच्या उड्डाणाला पुरतं आणि वजन बरंच उतरतं.

इतकं करूनही शेवटच्या मैलात गो-अराउंड धरूच नका, समोर डोंगर आहे. निर्णय त्याआधी घ्या आणि डावीकडे दूधकोशीच्या खोऱ्यात वळा. फ्लॅप एकदम बंद केले तर विमान खाली बसतं. आधी २०, वेग वाढला की १०.

वाऱ्याची_दिशा:
दुपारची वेळ हीसुद्धा अडचणच. उतरायचं नेहमी ०६ वर (खालच्या टोकाकडून चढावर), उड्डाण २४ वरून (त्याच पट्टीवर उलट, उतारावर), वारा कसाही असो. दिवस चढला की खालून खोऱ्यातला वारा वर येतो, तो लँडिंगला शेपटीकडून लागतो. खरी विमानंही म्हणूनच सकाळी जातात. सरावासाठी स्वच्छ हवामान, शून्य वारा, स्थानिक वेळ सकाळी ७ ठेवा. ते बसलं की मगच लाइव्ह.

निघताना फ्लॅप १०, मिक्श्चर लीन केलेलं, ब्रेक दाबून फुल थ्रॉटल, मग ब्रेक सोडा. ५५ ला हलकेच उचला. धावपट्टी संपली की खाली दरी आहे, तिथे नाक ओढत बसू नका. ७० नॉट येईपर्यंत जवळजवळ सरळ जाऊ द्या, मग चढा.