सात वर्षांची डॉक्टरकी की साधं युनिव्हर्सिटी कॉलेज? अनुभव असलेल्यांनी लिहा

शहापूरची आत्या

माझ्या भावाची मुलगी न्यू जर्सीत बारावीला आहे. अमेरिकेत बारावीनंतर सरळ मेडिकलला जाता येत नाही, आधी चार वर्षं कॉलेज, एमकॅट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल आणि त्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग. पण काही ठिकाणी कॉलेज आणि मेडिकल दोन्हीची सीट बारावीतच एकदम देतात. तिला तसला सात वर्षांचा प्रोग्रॅम मिळालाय, आणि एका मोठ्या युनिव्हर्सिटीतही ॲडमिशन आहे जिथं हवे ते विषय घेता येतात. 1 मेच्या आत कळवायचंय. भाऊ रोज रात्री फोन करतोय, वहिनी म्हणते सीट सोडायची नाही, पोरगी गप्प. मी बीकॉम, मी काय सांगू? पण इकडं एमबीबीएस म्हणजे बारावीनंतर थेटच, साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, त्यामुळं सतराव्या वर्षी डॉक्टरकी ठरवणं म्हणजे काय हे आपल्या बेळगावात घरोघरी बघितलेलं आहे की. म्हणून दोन्हीकडच्यांना विचारतेय.

खानापूर

मी डॉक्टर आहे, मेडिकल बेळगावातच केलं. दहावीपर्यंत मराठी मीडियम. आमच्या वेळी नीट नव्हती, सीईटी होती, मार्क पडले आणि घरात पेढे वाटले, तुला व्हायचंय का असं कुणी विचारलंच नाही आणि मलाही ते विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. पहिलं वर्ष रडत काढलं. फॉर्मलिनचा वास घरी आल्यावरही केसांत असायचा, ॲनाटॉमी सगळी इंग्लिशमध्ये, आणि जीएसएस कॉलेजला बीएस्सी करणाऱ्या मैत्रिणी संध्याकाळी टिळकवाडीत फिरताना दिसायच्या तेव्हा वाटायचं आपण चुकलो. सोडायचा विचार केला होता, पण सोडून काय करायचं तेच कळेना.

मग वॉर्ड सुरू झाला. पेशंट सौंदत्ती, बैलहोंगलकडचे, सगळं कन्नड, मला एक शब्द येईना. एक म्हातारी पोट धरून ‘होट्टी ब्यानी’ म्हणायली आणि मी नुसती बघत उभी. तिथल्या सिस्टरनी मला शिकवलं, आधी ‘एष्ट दिना आत्री?’ विचार, म्हणजे किती दिवस झाले, मग पुढचं. महिनाभरात मी हिस्टरी घ्यायला लागले. त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की हे मला करायचंय, म्हणजे सीट घेतल्यावर बऱ्याच दिवसांनी. ताई, तुमच्या भाचीला ठरवायच्या आधी आठवडाभर कुठल्यातरी दवाखान्यात नुसतं बसू द्या. मार्क चांगले आहेत म्हणून सीट घेऊ नका, ते मार्क तिला दुसरीकडंही उपयोगी पडतील.

अनगोळचा, आता ओहायोत

मी साध्या रस्त्यानं गेलो. चार वर्षं स्टेट युनिव्हर्सिटी, बायोलॉजीबरोबर स्पॅनिश घेतलं. एमकॅट म्हणजे मधले ब्रेक धरून साडेसात तास, स्कोअर 472 ते 528 मध्ये असतो. पहिल्या वर्षी अर्ज केले आणि एकाही कॉलेजनं घेतलं नाही. आईला फोनवर सांगताना शब्द फुटेना. वर्षभर दवाखान्यात स्क्राइबचं काम केलं, डॉक्टर बोलायचे आणि मी टाइप करायचो, दुसऱ्या वर्षी मिळालं. आज रेसिडेन्सीत स्पॅनिश रोज कामाला येतंय, पण त्या एका वर्षात जी भीती होती ती मी कुणाच्या पोरीला घे म्हणून सांगणार नाही. तिला डॉक्टरच व्हायचंय हे नक्की असेल तर मी सात वर्षांचं घ्या म्हणेन.

निपाणी

आमच्या मुलानं नीटसाठी एक वर्ष ड्रॉप घेतला, 720 पैकी परत तेवढेच मार्क. महाराष्ट्रातल्या मेडिकल ॲडमिशनला सीमाभागाचा एमकेबी (महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर) कोटा असतो, गाव सीमाभागातल्या 865 गावांच्या यादीत पाहिजे आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला पाहिजे, त्यासाठी मी किती हेलपाटे मारले ते मलाच माहीत, त्यातही नंबर लागला नाही. शेवटी कोल्हापूरला बीएस्सी मायक्रोबायोलॉजी. आता पुण्यात लॅबमध्ये आहे आणि घरी आला की तासभर बॅक्टेरियावर बोलतो. ड्रॉपच्या वर्षी जेवायलाही बोलत नव्हता हो.

हिंडलग्याची, बहीण अमेरिकेत

बहिणीची मुलगी अशाच कंबाइन्ड, म्हणजे कॉलेज-मेडिकल एकत्र असलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे, खूश आहे, पण अटी बघा. जीपीए, म्हणजे कॉलेजच्या मार्कांची सरासरी, एका आकड्याच्या खाली गेला की मेडिकलची सीट जाते. काही ठिकाणी एमकॅट लागत नाही, ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या आठ वर्षांच्या प्रोग्रॅमला लागत नाही, काही ठिकाणी ठरावीक स्कोअर आणावाच लागतो. आणि मधेच बाहेर पडली तर बीएसची (आपल्या बीएस्सीसारखी) डिग्री हातात येते का, हे लेखी विचारून घ्या. सात वर्षांच्यात कॉलेजची तीनच वर्षं असतात बऱ्याचदा.

शहापूरची आत्या

सगळ्यांचं भावाला पाठवलं. भाचीला मराठी वाचता येत नाही, म्हणून त्यानं खानापूरच्या डॉक्टरांचं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. काल तिचा स्वतःचा फोन आला, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, आत्या, त्या म्हातारीला पुढं बरं वाटलं का? खानापूरच्या ताई, जमलं तर सांगा. ती थांबलीय.