माकडतापाची माहिती असूनही काजूच्या बागेत लोक तेल न लावता का जातात?

तिलारीकाठ:
आमचे मूळ गाव दोडामार्ग तालुक्यात आहे. २०१६ साली केर गावात साथ आल्यापासून माकडताप गोचिडीमुळे होतो, हे तिथे लहान मुलांनाही ठाऊक आहे. आरोग्य कर्मचारी गोचीड दूर ठेवण्यासाठी अंगाला लावायचे डेपा तेल घरपोच देतात. तरीही काजूच्या हंगामात त्या बाटल्या फडताळात तशाच पडून राहतात आणि माणसे उघड्या हातापायांनी बागेत जातात. याला बेफिकिरी म्हणावे, की आणखी काही कारण आहे?

बागायतदार_बांदा:
बेफिकिरी हा शब्द मला पटत नाही. काजू वेचण्याचे काम फेब्रुवारी ते मे या काळात, म्हणजे ऐन घामाच्या दिवसांत चालते, आणि विषाणू वाहणाऱ्या गोचिडीची पिल्लेही साधारण याच महिन्यांत पातेऱ्यात, म्हणजे झाडाखालच्या वाळक्या पानांत, असतात. चिकट तेल लावून उन्हात वाकून काम करताना ते घामाबरोबर ओघळते, डोळ्यांत उतरते आणि काही तासांनी पुन्हा लावावे लागते, पण बाटली तर घरी असते. हातमोजे घातले की बोंडापासून बी पिळून काढता येत नाही. शिवाय वेचलेल्या बियांच्या वजनावर मजुरी मिळत असेल, तर हात थांबवणारी प्रत्येक गोष्ट मजुराला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. आम्ही बागायतदार मात्र याविषयी फारसे बोलत नाही.

निवृत्त_आरोग्यसेविका:
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु भीतीचा भागही विसरून चालणार नाही. वाडीत कोणी दगावले की त्या आठवड्यात तेलाची मागणी एकदम वाढते आणि पुढच्या वर्षी रुग्ण कमी झाले की ओसरते. डास चावला की निदान कळतो; ही पिल्ले मात्र तिळापेक्षाही लहान असतात, त्यांचा दंश जाणवत नाही आणि ताप येतो तो काही दिवसांनी. त्यामुळे तेल न लावणे आणि आजारी पडणे यांचा संबंध अनुभवातून मनात ठसत नाही. त्यातच बाधितांपैकी बहुतेक जण बरे होतात, मृत्यूचे प्रमाण साधारण तीन ते पाच टक्के असते, म्हणून ‘गेल्या वर्षी काही झाले नाही’ हा युक्तिवाद घरोघरी टिकून राहतो.

लसीबाबतही तसेच घडले. जुन्या लसीच्या महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, मग सहा ते नऊ महिन्यांनी वर्धक मात्रा आणि पुढे दरवर्षी एक, असे वेळापत्रक होते. टोचलेली जागा दुखत असे. कर्नाटकातील २००५ ते २०१० या काळातील माहितीनुसार दोन मात्रांनंतर संरक्षण सुमारे ६२ टक्के, तर वर्धक मात्रेनंतर सुमारे ८३ टक्के होते. दोन मात्रा घेतलेल्या शेजाऱ्यालाच ताप आला, तर बाकीच्यांनी तिसरीसाठी का यावे? पुढे त्या लसीचा वापरच थांबला. लोकांनी तिच्यावर शंका घेतली, त्यात त्यांचे सर्वस्वी चुकले असे मला म्हणवत नाही.

सत्तरीकर:
आमच्याकडे गोव्यात, सत्तरी तालुक्यातील पाळी गावात, २०१५ साली साथ आली होती. माझे निरीक्षण थोडे वेगळे आहे. जी माणसे स्वतःच्या बागेत काम करतात ती बहुधा काळजी घेतात. दिवसभराची मजूर माणसे घेत नाहीत. त्यांना संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो, मग गरम पाण्याने आंघोळ, अंगावर गोचीड शोधणे आणि कपडे गरम पाण्यात धुणे, ही सारी कामे कोणत्या वेळात करायची? आणखी एक अडचण अशी की मेलेले माकड दिसले तरी कळवायला लोक कचरतात, कारण मग चौकशी होईल, बाग बंद ठेवायला सांगतील, अशी धास्ती असते. वास्तविक या तापाने मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी आसपासच्या पातेऱ्यात पसरतात, आणि त्याच जागी कीटकनाशक भुकटी टाकावी लागते.

तिलारीकाठ:
मनापासून आभार. प्रश्न मी चुकीच्या माणसांविषयी विचारला, असे आता वाटते. येत्या हंगामात आमच्या बागेत मजुरी वजनाऐवजी दिवसावर ठरवावी, तेलाची बाटली फाटकाजवळ ठेवावी आणि दुपारच्या जेवणानंतर सर्वांनी पुन्हा तेल लावूनच कामाला बसावे, असे काकांना सुचवणार आहे. बांद्याच्या बागायतदारांना एक विचारतो: दिवसाच्या मजुरीवर वेचणी किती मंदावते?

बागायतदार_बांदा:
थोडी मंदावते. पण एक मजूर तापाने आठवडे घरी बसला, तर हंगामात त्याच्या जागी दुसरा मिळत नाही, हेही काकांना सांगा.