मदत हवी आहे : ऑफिसच्या आठ जणांची दिवेआगर ट्रिप आणि बिलाची वाटणी

मंडळी नमस्कार. राहायला ठाण्यात नौपाड्याला, नोकरी ऐरोलीला. 7 ते 9 नोव्हेंबर आम्ही ऑफिसमधले आठ जण दिवेआगरला निघालोय आणि खजिनदारकी माझ्या गळ्यात पडली आहे. रस्ता, जेवण, समुद्र याबद्दल विचारायचं आहेच, पण खरी अडचण वेगळी आहे. जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

दिवाळीच्या आधी आम्ही हेच आठ जण वाशीला जेवायला गेलो होतो. आमच्यात जूनपासून लागलेला एक ट्रेनी मुलगा आहे. कळव्याला तिघांत मिळून खोली घेऊन राहतो. पगार काय असेल याचा अंदाज आहे, इथे लिहीत नाही. त्या रात्री त्याने दाल खिचडी, एक मसाला पापड आणि फ्रेश लाइम सोडा एवढंच घेतलं. खिचडी संपली, लिंबाची फोड त्याने परत एकदा पिळली, आणि आमची तिसरी स्टार्टर येईपर्यंत शर्टाच्या टोकाने मोबाइलची काच पुसत बसला. मी काय करत होतो? मी सुरमई तवा फ्राय खात होतो. मेनूकार्डात दराच्या जागी 'साइजप्रमाणे' लिहिलेलं. साइज विचारली नाही, दरही विचारला नाही. मासळी समोर असली की माझं असंच होतं.

बिल झालं 15,200. साहेबांनी नेहमीप्रमाणे मोबाइलवर भागाकार केला, "एकोणीसशे पर हेड", की झालं. पोराचं खाणं सगळे कर धरून साडेपाचशेच्या वर जात नव्हतं. माझी सुरमई आणि दोन बिअर मिळून तीन हजारांच्या घरात. म्हणजे माझ्या सुरमईची एक तुकडी त्या पोराने मला खाऊ घातली असं म्हणायला हरकत नाही.

सगळ्यांचे यूपीआय टुंग टुंग गेले. त्याचं गेलं नाही. "नेटवर्क नाही सर, सकाळी टाकतो." सकाळी दोनदा आले. आधी 1,000, जेवणाच्या सुट्टीनंतर 900. ते दोन मेसेज बघून माझा घास अडकला, खोटं कशाला सांगू.

आता ट्रिपचं ठरल्यावर ग्रुपवर त्याने लिहिलंय, "सर घरी पाहुणे येणार आहेत, बघतो." हे 'बघतो' आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वापरलेलं आहे.

शाळेतल्या मित्रांबरोबर हा प्रश्न येत नाही. रविवारी सकाळी मामलेदारला मिसळ खायची, ज्याचा हात आधी खिशात जाईल त्याने द्यायचे, मोठं काही असेल तर टीटीएमएम, तुझं तू माझं मी. तिथे "ए भिकारड्या, मागचे दीडशे काढ" असं तोंडावर म्हणता येतं. ऑफिसात हिशोब काढला की माणूस कंजूष ठरतो. साहेब म्हणतात, "अरे, आपल्या-आपल्यात कसला हिशोब?" साहेबांना परवडतं.

आकडे देतो. गाडी (तेरा सीटर, ड्रायव्हरसकट, तीन दिवस) 18,000. तीन खोल्या, दोन रात्री, 2,800 प्रमाणे 16,800. म्हणजे माणशी 4,350, आणि जेवणखाण वर. आठांपैकी पाच जण मासे खाणारे. एक सहकारी बाई कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. एका ताईंची शनिवारी संकष्टी, चंद्र दिसेपर्यंत उपास, एरवी त्या मासे खातात. ट्रेनी शाकाहारी. पिणारे चार, त्यात मी.

विचारायचं असं :

पोराला वेगळी वागणूक दिली असं न वाटता वाटणी कशी करायची? "तुझे पैसे मी भरतो" म्हटलं तर तो नक्की येणार नाही. आणि शुक्रवारी दुपारी ऐरोलीहून निघालो तर कुठून जावं? दिवेआगरला जेवणाचं आधी सांगावं लागतं का?

प्रतिसाद १

रस्त्याचं सांगतो, वाटणीचं शहाणे सांगतील. पळस्पे, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव आणि तिथून म्हसळ्यावरून दिवेआगर. पाच तास धरा. शुक्रवारी संध्याकाळी माणगावात गाड्या तुंबतात, तिथे चहा प्यायला उतरू नका, आधीच कोलाडला उरका. दुसरा रस्ता अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांड्याला आणि तिथून जंगल जेटीने गाडीसकट पलीकडे दिघीला. जेटीत जंगल नाही, जंगार (गाड्या नेणारी सपाट बोट) असतो, पण तिथे सगळे जंगल जेटीच म्हणतात. समुद्र डावी-उजवीकडे दिसत राहतो, वेळ मात्र जास्त जातो. जाताना माणगाव, येताना जेटी असं करा. शेवटची फेरी किती वाजता हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. अटल सेतूचा तुम्हाला उपयोग नाही. तो शिवडीवरून येणाऱ्यांसाठी, तुम्ही आधीच खाडीच्या अलीकडे आहात.

प्रतिसाद २

पंधरा वर्षं हॉटेल लाइनमध्ये आहे, नेरूळला. बसल्या बसल्या वेटरला सांगायचं, "खाण्याचं बिल वेगळं, पिण्याचं वेगळं." शेवटी सांगितलं की त्याला पुन्हा सगळं मोडून करावं लागतं आणि तो तोंड वाकडं करतो. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, त्यामुळे आमच्याकडे तसंही दोन्ही वेगळंच धरलेलं असतं. खाण्याचं आठांत, पिण्याचं चौघांत. एवढं केलं तरी निम्मं भांडण मिटतं.

आणि वाशीच्या बिलात सर्व्हिस चार्ज होता का बघा. तो आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला तशा सूचना काढल्या, हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला त्या कायम ठेवल्या. मॅनेजरला शांतपणे "हा काढा" म्हणायचं. नाही ऐकलं तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. वेटर चांगला असेल तर हातात टिप द्या, आम्हाला तेच आवडतं.

'साइजप्रमाणे' लिहिलं असेल तर मासळी ताटात आणून दाखवायला सांगा आणि तिथेच दर विचारा. लाजू नका. आम्हाला विचारणारं गिऱ्हाईक बरं वाटतं, नंतर बिलावरून वाद घालणारं नाही.

प्रतिसाद ३

माफ करा, पण एवढ्याशा गोष्टीला धागा? एक ट्रेनी आहे, सात जणांनी मिळून त्याचं भरा आणि मोकळे व्हा. आमच्या वेळी सीनियर लोक ज्युनियरला खिशात हात घालू द्यायचे नाहीत.

प्रतिसाद ४

वरच्यांना : तुमच्या वेळी ज्युनियर काय खायचं ते सीनियरच ठरवायचे, तेही आठवा.

मी स्वतः असा ट्रेनी होते, घणसोलीला. माझं भरलं होतं एकदा सगळ्यांनी. पुढचे सहा महिने चहासुद्धा मी आणून द्यायचा अशी अपेक्षा होती, कोणी बोललं नाही एवढंच. धागाकर्त्यांनी नियम सगळ्यांसाठी एकच करावा आणि तो स्वतःच्या नावावर खपवावा. गाडी आणि खोली सगळ्यांची समान. जेवण ज्याने त्याने आपल्या थाळीचं. पिणाऱ्यांची वेगळी वर्गणी, ती चौघांनी आपापसात बघावी, ग्रुपवर तिचा आकडासुद्धा टाकू नये. बनाना राईड, घोडा, नारळपाणी ज्याचं त्याचं. मुख्य म्हणजे निघण्याआधी पूर्ण आकडा सांगा. कमी पैशात भागवणाऱ्याला किती लागतील याची धास्ती नसते, ऐन वेळी किती निघतील याची असते.

4,350 त्याला जड जात असतील तर गाडी लहान करा. आठांना तेरा सीटर कशाला?

प्रतिसाद ५

माहेर श्रीवर्धनचं, म्हणून जेवणाबद्दल अधिकाराने लिहिते.

दिवेआगरला घरगुती जेवण घ्या. तिथे दुपारच्या जेवणाची संख्या सकाळी नाश्त्याच्या आत सांगावी लागते, कारण मासळी त्याप्रमाणे आणतात. मासे थाळी किती, शाकाहारी किती, नीट मोजून सांगा. ऐन वेळी "अजून एक सुरमई" म्हणालात तर काकू हसून नाही म्हणतील आणि तुम्हाला ते हो वाटेल. थाळीचा दर ठरलेला असतो, त्यामुळे तुमचं वाटणीचं कोडं तिथे आपोआप सुटतं.

कांदा-लसूण न खाणाऱ्या बाईंसाठी : आमटी-भाजी वेगळी करून देतात, पण सोलकढीत लसूण असते हे लोक विसरतात. तिची सोलकढी आधीच बाजूला काढायला सांगा. नारळाचं दूध आणि आगळ (कोकमाचा रस), मीठ, कोथिंबीर. तीही छान लागते.

संकष्टीच्या ताई तर नशीबवानच. दिवेआगरच्या सुवर्ण गणेशाचं दर्शन होईल. 1997 साली तिथल्या एका बागेत खणताना तो सोन्याचा मुखवटा सापडला, मार्च 2012 मध्ये चोरीला गेला, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा बसवला. मधली साडेनऊ वर्षं आमच्याकडे कोणी दिवेआगरला गेलं की आधी तोच विषय निघायचा. रात्रीच्या उकडीच्या मोदकांची ऑर्डर मात्र सकाळीच द्या, आणि माणशी दोन सांगू नका. कमी पडतात.

प्रतिसाद ६

संकष्टी म्हटल्यावर भरती-ओहोटीचं सांगून टाकतो. कोळ्यांचा हिशोब : तिथीची पाऊणपट. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन. दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि सहा तास मागे-पुढे गेलात की सकाळी नऊला आणि रात्री नऊला ओहोटी. अर्धा-पाऊण तास, कधी तासभर इकडेतिकडे होतं. रोज पाऊण एक तासाने पुढे सरकते. म्हणजे शनिवारी सकाळी नाश्ता करून लांबच लांब चालायला जा, वाळू कडक असते. पाण्यात खेळायचं तर ओळखीच्या माणसाला विचारून, आणि ओहोटी लागली की बाहेर. आत ओढते. दुपारी जेवून, पिऊन भरतीत उतरू नका, हे त्या चौघांना सांगतोय.

गाडी वाळूवर नेऊ नका. ड्रायव्हर म्हणेल "काही होत नाही साहेब". दर शनिवार-रविवारी कोणाची तरी रुतलेली असते आणि ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं. ते पैसे आठांत की एकट्याच्या, यावर पुन्हा धागा काढावा लागेल.

प्रतिसाद २ (पुन्हा)

राहून गेलं. खोलीच्या बिलावर 12 टक्के जीएसटी लावला असेल तर विचारा. दिवसाचा दर 7,500 पर्यंत असेल तर 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के आहे. घरगुती राहण्याच्या जागी बऱ्याचदा नोंदणीच नसते, मग जीएसटी लावताच येत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३, तुमचंही. रागावलो नाही, सुरुवातीला माझ्याही डोक्यात तेच होतं.

काय झालं ते लिहितो. गाडी बदलली. तेरा सीटरऐवजी सात जणांची एक गाडी भाड्याने, आणि एक जण पेणहून स्वतःच्या बाइकवर येतोय, त्याला तसंही तेच हवं होतं. त्याच्या पेट्रोलसकट प्रवास 12,000 वर आला. खोल्या त्याच. म्हणजे 28,800, माणशी 3,600. काल रात्री ग्रुपवर टाकलं :

"खजिनदाराचा हुकूम. प्रवास आणि खोली 3,600, सगळ्यांना सारखं. थाळी ज्याची त्याने. पिणाऱ्यांनी खजिनदाराला वेगळं भेटावं. कारण : वाशीला खजिनदाराने सुरमई खाल्ली आणि तिचे पैसे तुम्ही भरलेत, त्याला रात्री झोप लागत नाही."

साहेबांनी हसण्याच्या बाहुल्या टाकल्या आणि लिहिलं, "मग माझे वाशीचे परत कर." म्हटलं, तुमचे व्हिस्कीत वळते झाले. ताईंनी लगेच मोदकांचं विचारलं. कांदा-लसूण न खाणाऱ्या बाईंनी सोलकढीबद्दलचा प्रतिसाद वाचला (मीच पाठवला) आणि म्हणाल्या, चार वर्षांत ऑफिसच्या ट्रिपला हे पहिल्यांदा कोणीतरी आधी विचारलं.

पोराने ग्रुपवर नुसता अंगठा दिला. आज सकाळी ट्रान्सहार्बरला ठाण्याहून एकाच डब्यात चढलो. दिघ्यापर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, पाहुण्यांचं पुढे गेलंय, येतो. मी म्हटलं छान, तुझी शाकाहारी थाळी सांगून ठेवतो. तर म्हणाला, "सर, मी मासे खातो की. त्या दिवशी रेट बघितले म्हणून खिचडी घेतली."

ऐरोली आलं, उतरलो. उतरताना त्याने विचारलं, थाळीत बांगडा असतो का.

तर श्रीवर्धनच्या ताई, शनिवार दुपारचं आता असं सांगतोय : मासे थाळी सहा, शाकाहारी बिनकांदा-लसणीची एक, उपासाचं एक. बांगडा वेगळा सांगावा लागतो की थाळीत येतो?