रॉक ड्रमरचा नाद: वादकाच्या हातातला की ध्वनिमुद्रणाच्या खोलीतला?

विलंबित (चर्चाप्रस्ताव)

रॉकमधल्या ड्रमवादकांचा विषय निघाला की चर्चा हमखास दोन प्रश्नांशी येऊन अडते: सर्वांत जलद कोण वाजवतो आणि कोणाचा संच सर्वांत मोठा आहे. हे दोन्ही निकष मला गौण वाटतात. आघात लयीत नेमका कुठे पडतो आणि पडल्यावर तो कसा वाजतो, यावरून ड्रमर ओळखला जातो. हा नाद मुळात त्याच्या हातापायांत असतो आणि स्टुडिओ तो केवळ टिपून घेतो, असे माझे मत आहे.

लेड झेपेलिन या रॉक संघाचा जॉन बॉनम हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. 'दांडगा वाजवणारा' अशी त्याची ख्याती आहे, पण नुसत्या दांडगाईने तो नाद निघत नाही. 26 इंची बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), ताणून बसवलेले ड्रमचे पडदे, नाद दाबण्याचा फारसा प्रयत्न नाही, आणि लयीच्या किंचित मागे रेलून येणारा स्नेअरचा (संचातल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) ठोका, असे त्याचे गणित होते. 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' हे गाणे लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत, तर 'फूल इन द रेन' स्टॉकहोमच्या पोलर स्टुडिओत मुद्रित झाले. पहिले 1969 साली प्रसिद्ध झाले, दुसरे 1971 साली आणि तिसरे 1979 साली. खोल्या तीन, देश दोन, मधे दहा वर्षे गेली. तरीही कोणताही सराईत श्रोता चार मात्रांत बॉनमला ओळखतो. पहिल्या गाण्यात एकाच पेडलवर उजव्या पायाने टाकलेले तिपटीतले आघात ऐकून अनेकांना दोन पेडल असावीत अशी शंका आली होती. ती करामत कोणत्याही खोलीने केलेली नाही.

बीटल्सचा रिंगो स्टार नादाच्या दृष्टीने बॉनमच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे, मात्र वृत्तीने मला तो त्याचा सख्खा भाऊ वाटतो. दोघेही लुडविग कंपनीचेच संच वाजवत. बॉनमचा ड्रम मोकळा घुमतो, तर 'कम टुगेदर'मधले रिंगोचे टॉम (संचातले मधल्या आकाराचे ड्रम) चहाचे फडके अंथरून मुद्दाम मुके केलेले आहेत. रिंगो जन्माने डावखुरा, पण संच उजव्या हाताच्या वादकासाठी मांडलेला. त्यामुळे फिल (ठेक्यातली जागा भरणारा छोटा तुकडा) घेताना तो डाव्या हाताने सुरुवात करतो आणि एका टॉमवरून दुसऱ्यावर जाताना एक अगदी बारीक अडखळ राहते. ती अडखळच त्याची सही आहे. 1967 च्या 'अ डे इन द लाइफ'मध्ये गायकाच्या प्रत्येक ओळीला टॉमने दिलेले उत्तर ऐकावे आणि मग त्याला सुमार ठरवणाऱ्यांनी आपले मत पुन्हा तपासावे.

ध्वनिमुद्रक

धागाकर्त्यांचे कान चांगले आहेत, पण त्यांनी निवडलेली उदाहरणे त्यांच्याच विरोधात जातात.

'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चा ड्रम ज्या कारणाने पन्नास वर्षे गाजतो आहे, ते कारण म्हणजे एक जिना आहे. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी संच हेडली ग्रेंजच्या उंच दिवाणखान्यात जिन्याच्या पायथ्याशी मांडला, वरच्या मजल्यावरून दोन रिबन माइक खाली रोखले, त्या ध्वनीवर भरपूर कॉम्प्रेशन चढवले आणि बिन्सन कंपनीच्या प्रतिध्वनियंत्रातून तो काढला. कॉम्प्रेशनचे काम असे की मोठा आवाज दाबला जातो आणि त्यामागचा लहान आवाज वर येतो. म्हणजे ठोका खाली बसतो आणि खोलीचा श्वास ऐकू येऊ लागतो. आपण ज्याला बॉनमचा नाद म्हणतो, त्यातला निम्मा भाग त्या दिवाणखान्याच्या भिंतींचा आहे.

रिंगोबाबत तर हे अधिकच खरे आहे. 1966 च्या 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक त्या काळच्या शिस्तीत बसणार नाही इतका जवळ आणला. त्याच वर्षीच्या 'रेन'मधल्या वादनाला रिंगो स्वतःची सर्वोत्तम कामगिरी मानतो. त्या गाण्याचा वाद्यभाग प्रत्यक्षात जलद लयीत वाजवून नंतर फीत मंद चालवली गेली आहे. तेव्हा आपण ऐकतो तो जडशीळ, ओथंबलेला ड्रम कोणत्याही हाताने कधीच वाजवलेला नाही.

तिसरे उदाहरण ड्रमर फिल कॉलिन्सचे. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या, गायक पीटर गेब्रिएलच्या तिसऱ्या संग्रहाचे काम लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत चालू असताना, वादकाशी बोलण्यासाठी टांगलेल्या माइकमधून कॉलिन्सचा ड्रम चुकून ऐकू आला आणि ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम यांनी तो धागा पकडला. खोलीचा घुमारा आधी फुगवायचा आणि तो विरण्याआधीच गेट (ठरावीक पातळीखाली आवाज बंद करणारे यंत्र) लावून कापून टाकायचा, अशी ती युक्ती होती. गेब्रिएलने झांजा वाजवायला मनाई केल्यामुळे ती आणखी खुलली. पुढच्या वर्षी 'इन द एअर टुनाइट'मध्ये साडेतीन मिनिटे उलटल्यावर येणारा तो प्रसिद्ध फिल ऐकून जग दचकले. गेट काढून टाका आणि तेच दहा ठोके ऐका. कोणी मान वर करून पाहणार नाही.

विलंबित

गेटची युक्ती पुढे दशकभर हजारो मुद्रणांत वापरली गेली, पण त्यांतले किती फिल आज लोक रस्त्याने चालताना हवेत हात मारून वाजवतात? यंत्र सर्वांना मिळाले, फिल एकालाच सुचला. शिवाय रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सचे काय करणार? स्नेअरवर ठोका पडतो त्या क्षणी त्याचा उजवा हात हाय-हॅटवरून (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवरून) उचललेला असे, त्यामुळे त्या मात्रेवर झांजेचा आवाज नसे आणि स्नेअर एकटा, कोरडा उभा राही. वेगवेगळ्या दशकांतली, वेगवेगळ्या खोल्यांतली मुद्रणे घ्या, ती मोकळी जागा पुन्हा पुन्हा भेटते. ती कोणत्या माइकने निर्माण केली?

दुगुन

आपण दोघे नादावर भांडता आहात आणि शैली बाजूलाच राहते आहे. 'लयीच्या मागे रेलणे' हाच जर थोरपणाचा निकष मानला, तर द हू या संघाच्या कीथ मूनला आपण परीक्षेलाच बसू देत नाही. मून ठेका धरतच नसे. हाय-हॅटशी त्याचे फारसे जमत नसे, झांजा सतत उसळत असत, आणि तो गायकाच्या ओळीवर स्वार होऊन टॉमवरून धावत असे. त्या संघात लय सांभाळण्याचे काम पीट टाउनशेंडची गिटार करत असे. आपल्या भाषेत सांगायचे तर लेहरा (लय धरून ठेवणारी फिरती धून) दुसऱ्याकडे होता आणि ड्रमर मोकळेपणी स्वतंत्र वादन करत होता. रॉकच्या मांडणीतच ही उलटापालट करणारा दुसरा कोणी मला दिसत नाही.

त्याला लयीचे भान नव्हते हा आरोपही टिकत नाही. 1971 च्या 'बाबा ओ'रायली' आणि 'वोन्ट गेट फूल्ड अगेन' या गाण्यांत आधी मुद्रित केलेल्या ऑर्गन-सिंथेसायझरच्या फितीसोबत वाजवायचे होते, आणि मंचावर हेडफोन निसटू नये म्हणून मून तो चिकटपट्टीने डोक्याला बांधून घेत असे. फीत कोणासाठी थांबत नाही, तरी तो तिच्यासोबत उधळत पुढे जातो आणि समेवर पोहोचतो. (जाता जाता: त्या पहिल्या गाण्याच्या शीर्षकातले 'बाबा' म्हणजे पुण्यात जन्मलेले आणि नगरजवळ मेहेराबादला समाधिस्थ असलेले मेहेरबाबा. टाउनशेंड त्यांचा अनुयायी होता, त्यामुळे हे गाणे आपण जरा आपुलकीने ऐकायला हरकत नाही.)

सप्तमात्रा

रश या संघाच्या नील पर्टचे नाव अजून कोणी घेतलेले नाही, हे या धाग्याच्या रुचीविषयी पुरेसे बोलके आहे. 1981 च्या 'टॉम सॉयर'मध्ये सात मात्रांचा भाग येतो तेव्हा बहुतेक श्रोत्यांना मात्रा बदलल्याचे कळतही नाही, इतक्या सफाईने तो त्यातून जातो. त्याचे फिल आधी रचलेले असत आणि मैफिलीत तो ते जसेच्या तसे सादर करत असे, म्हणून त्याला कोरडा म्हणतात. पण बंदिश जशी बांधली तशी मांडणे हा दोष कधीपासून झाला? नव्वदच्या दशकाच्या मध्यात, जगभर नाव झालेले असताना, त्याने फ्रेडी ग्रुबर या गुरूंकडे जाऊन काठी धरण्याची पद्धतच बदलली, कारण आपले वादन ताठर झाले आहे असे त्याला वाटत होते. चाळिशी ओलांडल्यावर पाटी कोरी करून शिकायला बसणारे असे किती वादक आहेत?

विलंबित

निष्ठेबद्दल पूर्ण आदर आहे. परंतु पद्धत बदलल्यानंतरचे त्याचे मुद्रण मी आधीच्या शेजारी ठेवून ऐकले तरी मला तोच प्रत्येक फिलचा काटेकोर हिशेब ऐकू येतो. मूनच्या बाबतीत माझी तक्रार उलटी आहे: तो एकही जागा रिकामी ठेवत नाही, त्यामुळे त्याच्या कोणत्याच ठोक्याला वजन येत नाही.

कोपऱ्यातला श्रोता

रिकाम्या जागांविषयीच बोलायचे तर द पोलीसच्या स्टुअर्ट कोपलंडला वगळून चालणार नाही. 1980 साली हा संघ मुंबईत वाजवून गेला, त्यामुळे त्याचे नाव इथल्या जुन्या रसिकांना नवे नाही. बालपणाचा बराचसा काळ बैरुतमध्ये गेलेल्या या अमेरिकन वादकाने रेगे या जमैकन संगीतातली पहिली मात्रा मोकळी सोडण्याची रीत उचलली. समेवर सारे जण ठोका अपेक्षित धरतात आणि तो तिथे नसतोच. स्नेअर उंच स्वरात, बंदुकीच्या बारासारखा लावलेला, आणि हाय-हॅटवर इतकी बारीक कलाकुसर की केवळ तेवढीच ऐकत बसावे. 1979 च्या 'वॉकिंग ऑन द मून'मध्ये ठोक्यांना प्रतिध्वनीचे यंत्र जोडलेले आहे आणि त्या घुमाऱ्यासाठी तो जागा सोडत वाजवतो. आता हा नाद हाताचा की यंत्राचा, हे ध्वनिमुद्रक यांनीच सांगावे.

ध्वनिमुद्रक

यंत्राचा, असेच मी म्हणेन. यंत्र नसते तर त्याने त्या जागा सोडल्याच नसत्या. आणि 'लेव्ही'वर परत येतो. 1986 साली बीस्टी बॉइज या रॅप संघाने आपल्या पहिल्या संग्रहाची सुरुवात त्याच ड्रमच्या तुकड्याने केली. ठेका साधा आहे, न्यूयॉर्कमधल्या कोणत्याही बऱ्या ड्रमरने तो वाजवून दिला असता. त्यांना ठेका नको होता, हेडली ग्रेंजची खोली हवी होती, म्हणून त्यांनी फीतच उचलली.

विलंबित

तीच खोली हवी होती तर तिथे दुसरे संघही वाजवून गेले आहेत. त्यांच्यापैकी कोणाचा तुकडा का नाही उचलला? त्या ठेक्यातले बास ड्रमचे लागोपाठ येणारे दोन आघात पुन्हा एकदा ऐका: ते एकसारखे नाहीत, आणि त्यांच्यापाठोपाठ स्नेअर जेवढा उशिरा येतो तेवढा उशीर कोणत्याही जिन्यात साठवून ठेवलेला नसतो.