मदत हवी आहे : डेबियन नव्याने टाकल्यापासून जेलीफिनचं हार्डवेअर ट्रान्सकोडिंग बंद

नमस्कार मंडळी,

घरच्या सर्व्हरची डिस्क बदलली आणि डेबियन १२ (लिनक्स) नव्याने टाकलं. तेव्हापासून जेलीफिनचं (घरच्या व्हिडिओंचा सर्व्हर) हार्डवेअर ट्रान्सकोडिंग, म्हणजे ग्राफिक्स चिपने व्हिडिओचं रूपांतर, चालत नाहीये. डेबियन ११ वर हीच मशीन आणि हीच डॉकरची कंपोज फाईल (प्रोग्रॅम त्याच्या बंद कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, कसा चालवायचा ते सांगणारी) सुरळीत चालत होती.

मशीन म्हणजे सेकंडहँड घेतलेला ऑफिसचा मिनी पीसी आहे. कोअर आय५-८५००टी, त्यातलंच यूएचडी ६३० ग्राफिक्स, १६ जीबी रॅम. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जेलीफिन त्यांच्या अधिकृत डॉकर इमेजमधून चालतं, आणि कंटेनर रूटने (सर्वाधिकारी युजरने) नाही तर १००० क्रमांकाच्या साध्या युजरने चालतो.

ट्रान्सकोडिंगची गरज का, तेही सांगतो, म्हणजे 'थेट फाईलच प्ले करा' हा सल्ला बाजूला राहील. लेकीचे सगळे व्हिडिओ आयफोनवर घेतलेले आहेत, फोर-के, एचईव्हीसी (एच.२६५) पद्धतीचे. मिनिटाला साधारण १७० एमबी, म्हणजे सेकंदाला २२-२३ मेगाबिट. आई-बाबा चिपळूणला असतात. तिथल्या इंटरनेटला एवढं झेपत नाही आणि त्यांच्या जुन्या टीव्हीला एचईव्हीसी कळतच नाही. त्यामुळे सर्व्हरनेच ते १०८०पी, एच.२६४, ६ मेगाबिटच्या आसपास करून पाठवायला हवं. नातीला बघायला दोघं रोज संध्याकाळी टीव्ही लावून बसतात, म्हणून मला हे लवकर मार्गी लावायचं आहे.

आता लक्षणं. हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन बंद ठेवलं तर व्हिडिओ चालतो, पण सहाही कोअर शंभर टक्क्यांवर जातात आणि दर थोड्या वेळाने चित्र अडकतं. एफएफएमपेगच्या (रूपांतर करणारा प्रोग्रॅम) लॉगमध्ये स्पीड ०.७एक्स दिसतो, म्हणजे बघण्याच्या वेगाला रूपांतर पुरत नाही. चिप वापरायच्या दोन पर्यायांपैकी व्हीएएपीआय निवडलं तर प्ले दाबताक्षणी एरर. क्यूएसव्ही निवडलं तरी तेच. लॉगमध्ये शेवटी या दोन ओळी असतात : 'नो व्हीए डिस्प्ले फाउंड फॉर डिव्हाइस', पुढे ग्राफिक्स चिपच्या डिव्हाइस फाईलचा, म्हणजे रेंडर-डी १२८ चा, पत्ता, आणि 'डिव्हाइस क्रिएशन फेल्ड : -२२'.

कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की होस्टवर (मूळ मशीनवर) सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, व्हीएइन्फो (चिपला काय काय जमतं ते दाखवणारी कमांड) चालवलं तर सगळं ठणठणीत दिसतं. इंटेलचा आयएचडी ड्रायव्हर लोड होतो, यादीत एचईव्हीसी मेन १० सुद्धा आहे. कंपोज फाईलमध्ये डीआरआय फोल्डर (ती डिव्हाइस फाईल यातच असते) डिव्हाइस म्हणून दिलेला आहे, ग्रुप-अ‍ॅडची ओळही आहे (कंटेनरच्या युजरला जादा ग्रुपमध्ये घालणारी). मग अडतंय कुठे?

प्रतिसाद १

डेबियनच्या रेपॉझिटरीत इंटेलचा मीडिया ड्रायव्हर दोन प्रकारचा मिळतो. साध्या पॅकेजमध्ये एन्कोडिंगचे काही भाग नसतात. नॉन-फ्री वालं टाकून बघा. माझ्याकडे तेवढ्यानेच काम झालं होतं.

प्रतिसाद २

वरचा सल्ला जेलीफिन थेट होस्टवर बसवलेलं असेल आणि ते सिस्टिमचा ड्रायव्हर वापरत असेल तर लागू पडेल. इथे ते डॉकरमध्ये आहे. अधिकृत इमेज स्वतःचं एफएफएमपेग आणि स्वतःचा आयएचडी ड्रायव्हर सोबत घेऊन येते. होस्टकडून तिला फक्त कर्नलचा आय९१५ मॉड्यूल (इंटेल ग्राफिक्ससाठीचा), त्याचं फर्मवेअर आणि ती डिव्हाइस फाईल हवी असते. त्यामुळे होस्टवरचं पॅकेज बदलून कंटेनरच्या आत काहीच फरक पडणार नाही.

दुसरं म्हणजे सुडो लावून केलेली चाचणी इथे काही सिद्ध करत नाही. रूटला कुठलीही फाईल उघडता येते. कर्नल आणि चिप ठीक आहेत एवढंच त्यातून कळलं, आणि ते कळलं हे चांगलंच. पण अडलंय ते १००० क्रमांकाच्या युजरचं, तेही कंटेनरच्या आत. चाचणी तिथेच करा.

जेलीफिनच्या एफएफएमपेगबरोबर त्याचं स्वतःचं व्हीएइन्फो येतं, जेलीफिन-एफएफएमपेगच्या फोल्डरात सापडेल. डॉकर एक्झेकने ते कंटेनरमध्ये चालवा. मग होस्टवर डीआरआय फोल्डरावर एलएस -एलएन मारा. एन विसरू नका, कारण आपल्याला ग्रुपचं नाव नको, आकडा हवा आहे. आणि कंटेनरमध्ये आयडी ही कमांड चालवून तिचं उत्तर इथे टाका.

धागाकर्ता

मनापासून आभार. तिन्ही करून बघितलं.

कंटेनरमधलं व्हीएइन्फो डिस्प्ले उघडतानाच थांबतं, ड्रायव्हरपर्यंत पोचतच नाही.

होस्टवर रेंडर-डी १२८ च्या ओळीत सुरुवातीला सी, मग मालक आणि ग्रुप दोघांना वाचायची-लिहायची परवानगी, बाकीच्यांना काही नाही. मालक ०, ग्रुप १०४, पुढे डिव्हाइसचा क्रमांक २२६, १२८.

कंटेनरमध्ये आयडीचं उत्तर : यूआयडी (युजरचा आकडा) १०००, जीआयडी (मुख्य ग्रुपचा) १०००, ग्रुप्स १०००, १०७.

प्रतिसाद २

सापडलं. १०४ आणि १०७ बघा.

कंपोज फाईलमध्ये ग्रुप-अ‍ॅडला १०७ दिलेलं आहे. जुन्या डेबियनवर रेंडर ग्रुपचा, म्हणजे चिप वापरायची मुभा असलेल्या ग्रुपचा, तो आकडा असणार. हा आकडा ठरलेला नसतो. इन्स्टॉल होताना जो मोकळा असेल तो मिळतो, त्यामुळे नवीन इन्स्टॉलमध्ये तो बदलू शकतो. तुमच्याकडे आता १०४ झालाय. कर्नल परवानगी तपासतं ती आकड्यावरून, नावाशी त्याला देणंघेणं नाही. कंटेनरमधला युजर १०७ मध्ये आहे, फाईल १०४ ची आहे, म्हणून दार बंद. एफएफएमपेगला ती फाईल उघडता आली नाही की ते 'डिस्प्ले सापडला नाही' एवढंच म्हणतं. लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' असं सरळ आलं असतं तर शोध लवकर लागला असता.

होस्टवर गेटएंट ग्रुप रेंडर करून आकडा पुन्हा एकदा खात्री करून घ्या, कंपोज फाईलमध्ये तो टाका आणि कंटेनर नव्याने तयार करा. नुसतं रीस्टार्ट करून चालणार नाही, कारण ग्रुप कंटेनर तयार होतानाच ठरतात. कंपोज अप केलंत की बदल ओळखून ते नवा कंटेनर बनवेल.

आकड्याऐवजी 'रेंडर' हे नाव लिहावं असं वाटेल. पण ते नाव कंटेनरच्या आतल्या ग्रुप फाईलमधून शोधलं जातं. तिथे ते नसेल तर कंटेनर सुरूच होणार नाही, आणि असलं तरी त्याचा आकडा होस्टशी जुळेलच असं नाही. आकडाच लिहा, आणि शेजारी कॉमेंटमध्ये तो कुठून आला तेही लिहून ठेवा.

प्रतिसाद ३

एवढं कशाला? त्या फाईलला सीएचमॉड ६६६ करा (सगळ्यांना वाचायची-लिहायची परवानगी), झालं काम.

प्रतिसाद २

रीबूटपर्यंतच चालेल. ही फाईल डिस्कवर नसते. प्रत्येक वेळी मशीन सुरू झाली की ती नव्याने तयार होते आणि यूडेव्ह (डिव्हाइस फाईली सांभाळणारा लिनक्सचा भाग) तिला नेहमीच्याच परवानग्या लावतं. शिवाय सर्व्हरवरच्या प्रत्येक प्रोसेसला ग्राफिक्स चिप मोकळी करून देणं मला पटत नाही. कंटेनर प्रिव्हिलेज्ड करण्याचा सल्लाही बरेच जण देतात, तोही टाळा. एका फाईलसाठी होस्टची सगळी डिव्हाइसेस आत कशाला सोडायची?

धागाकर्ता

चाललं! १०४ टाकून कंटेनर नव्याने बनवला आणि पहिल्याच प्लेला व्हिडिओ सुरू झाला. इंटेल-जीपीयू-टॉप (चिपवरचा भार दाखवणारं) उघडून ठेवलं होतं. व्हिडिओच्या ओळीतली पट्टी प्ले दाबल्याबरोबर वर गेली, आणि सीपीयू अगदी निवांत. लॉगमध्ये स्पीड ४एक्सच्या वर आहे. आईला फोन केला तेव्हा तिकडे ती आधीच बघत होती.

आता एकच राहिलं. चित्र अडकत नाही, पण लेकीच्या व्हिडिओंमधले रंग उडाल्यासारखे दिसतात. उन्हात घेतलेल्या व्हिडिओत तर चेहरा राखाडी वाटतो. डीव्हीडीवरून उतरवलेल्या जुन्या नाटकांना काही होत नाही. टोन मॅपिंगच्या (एचडीआरचे जास्तीचे रंग-उजेड साध्या पडद्याला जुळवणाऱ्या) पर्यायांत इंटेलच्या व्हीपीपीवर खूण केलेली आहे.

प्रतिसाद ४

हे माझ्याकडेही झालं होतं. आयफोन एचडीआर व्हिडिओ घेतो तो एचएलजी पद्धतीचा, वर डॉल्बी व्हिजनची माहिती. इंटेलचं व्हीपीपी टोन मॅपिंग एचडीआर१० या दुसऱ्या पद्धतीसाठी आहे, एचएलजी त्याला हाताळता येत नाही. डॅशबोर्ड, मग प्लेबॅक, मग ट्रान्सकोडिंग इथे जा. व्हीपीपीची खूण काढा आणि त्याच्याजवळचं साधं 'टोन मॅपिंग' चालू करा. ते ओपनसीएलवर (चिपकडून आकडेमोड करून घ्यायची पद्धत) चालतं, एचएलजी आणि डॉल्बी व्हिजन दोन्ही घेतं. ओपनसीएलची लायब्ररी अधिकृत इमेजमध्ये असते, वेगळं काही टाकायला नको. नाटकं एसडीआर (साध्या रंगांची) आहेत, त्यांना टोन मॅपिंग लागतच नाही, म्हणून ती ठीक दिसतात.

त्याच पानावर आहात तर डीकोडिंगच्या यादीतली एव्ही१ ची (व्हिडिओची आणखी एक पद्धत) खूण तपासा. इंटेलमध्ये एव्ही१ डीकोडिंग ११व्या पिढीपासून आलं, तुमची चिप ८व्या पिढीची. खूण असेल तर एव्ही१ फाईल लावताच पुन्हा एरर येईल. काढली तर ती फाईल निदान सीपीयूवर तरी चालेल. लो-पॉवर एन्कोडिंगलाही हात लावू नका, तुमच्या पिढीवर त्यासाठी एचयूसी फर्मवेअर मुद्दाम चालू करावं लागतं.

नाटकांच्या डीव्हीडी आपल्याकडच्या म्हणजे पाल पद्धतीच्या असतील, ७२० बाय ५७६, बहुतेक इंटरलेस्ड (चित्र एकाआड एक ओळींत साठवलेल्या). हालचाली धक्के खाल्ल्यासारख्या दिसत असतील तर डीइंटरलेसिंगसाठी डबल रेटची खूण करून बघा.

धागाकर्ता

ओपनसीएलवालं चालू केलं, रंग एकदम जागेवर आले. एव्ही१ ची खूण होतीच, काढली. डबल रेटने नाटकातल्या हालचालीही सफाईदार झाल्या. धाग्याच्या नावापुढे 'सुटलं' असं लिहायला संपादकांना कळवतो, आणि पुढे कुणाला हीच एरर आली तर शोधात सापडावी म्हणून लॉगच्या त्या दोन ओळी वर तशाच राहू देतो.