मदत हवी आहे: बीम सहाच्या वर जाईना, ग्राउंड तोंडावर आलंय

खानापूरचा_पोरगा
लष्कर भरतीची सीईई, म्हणजे लेखी परीक्षा, निघाली माझी. आता ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी. सोळाशे मीटर पळायचं टेन्शन नाही, ते निघतंय. बीम, म्हणजे दांड्याला लटकून अंग वर ओढायचं, ते मात्र सहाला अडकलंय. सातव्याला हनुवटी दांड्यापर्यंत जायच्या आधीच हात सुटतात. लई दिवस झाले, एकसुद्धा वाढलं नाही. अकॅडमीतले सर म्हणतात अजून मार, रोज मार. मारालोय की रोज. दहा कसे होतील तेवढं सांगा. प्रोटीन पावडर सांगू नका, तेवढे पैसे नाहीत.

तांबडी_माती
दोर चढ. पाय न लावता, नुसत्या हातावर. आमच्या तालमीत जोर-बैठका झाल्या की वस्ताद दोरावर पाठवायचे, आणि दोर चढणाऱ्या एकाही पोराला बीम जड गेलं नाही. पंजा, मनगट, दंड, पाठ, सगळं एकदम कामाला लागतं. तुमच्या गावात तालीम असणारच. सकाळी जा, वस्तादांच्या पाया पड आणि विचार.

बीपीएडवाली_चिकोडी
वजन किती? उंची किती? ग्राउंड कधी आहे? रोज म्हणजे दिवसातून किती सेट? आणि बीम रनिंगच्या आधी मारतोस का नंतर? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तरी तो अंदाजच.

शहापूर_फिटनेस
क्रिएटिन घे. रोज ३ ते ५ ग्रॅम. ताकदीसाठी सगळ्यात जास्त अभ्यास झालेली गोष्ट आहे, बंदी घातलेल्या यादीत नाही आणि प्रोटीन पावडरपेक्षा स्वस्त पडते.

तांबडी_माती
अहो, पोरगा पैसे नाहीत म्हणालाय की. आणि क्रिएटिननं अंगात पाणी धरतं, किलो-दीड किलो वजन वाढतं. ते वजन बीमवर कोण ओढणार?

शहापूर_फिटनेस
काका, ते पाणी स्नायूत जातं. आणि ताकद वाढली की किलोभर वजनानं काही अडत नाही.

खानापूरचा_पोरगा
वजन ७१, उंची १७०. ग्राउंडला महिना-सव्वा महिना आहे. सकाळी पाचला रोडवर, सहा-सात किलोमीटर, मग स्प्रिंट, मग बीम हात सुटेपर्यंत. संध्याकाळी अकॅडमीत पुन्हा रनिंग आणि शेवटी बीम. रविवारी सुट्टी. आता सांगा.

बीपीएडवाली_चिकोडी
बघ, हे आधी सांगायला हवं होतंस. दिवसातून दोनदा, दोन्ही वेळा दमल्यावर, दोन्ही वेळा हात सुटेपर्यंत. ताज्या हातांनी बीम तू एकदाही मारत नाहीस.

सुरुवातीला ताकद वाढते ती स्नायू जाड झाल्यामुळे नाही. मेंदू आणि नसा जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शिकतात, त्यामुळे वाढते. मोरितानी आणि डीव्रीज यांनी १९७९ मध्ये हे मोजून दाखवलं. पहिल्या काही आठवड्यांतली वाढ मुख्यतः नसांची होती, स्नायूचा वाटा नंतर वाढत गेला. महिनाभरात दंड फुगणार नाहीत, पण नसांना शिकवता येईल. आणि हे शिकणं दमलेल्या हातांनी नीट होत नाही.

म्हणून बीम रनिंगपासून निदान पाच-सहा तास लांब ठेव. सहा येतात तरी एका वेळी तीनच मार. मग दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. असे पाच-सहा सेट, आठवड्यातून चार दिवस. शेवटी स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर आण, पाय सोड आणि पाच सेकंद घेत खाली ये. स्नायू आखडताना जेवढा भार पेलतो त्यापेक्षा जास्त लांबताना पेलतो. सातव्याला वर जाता येत नसलं तरी सातव्यावरून सावकाश उतरता येतं. ग्राउंडच्या आधीच्या आठवड्यात मात्र हे उतरणं बंद, कारण त्यानं हात दोन-तीन दिवस दुखतात.

आणि रनिंग कमी कर. १९८० मध्ये रॉबर्ट हिकसन यांनी तीन गट करून दहा आठवडे पाहिलं. नुसती वजनं उचलणाऱ्यांची ताकद शेवटपर्यंत वाढत गेली. वजनांबरोबर पळणं आणि सायकलही करणाऱ्यांची सात-आठ आठवडे वाढली, मग थांबली आणि शेवटी उतरली.

शहापूर_फिटनेस
ताई, त्यात पायांची ताकद मोजली होती, स्क्वॉटवर, म्हणजे वजन घेऊन मारलेल्या बैठकांवर. पळण्यानं दमतात ते पाय. बीम पाठीचं आणि हातांचं काम. एका प्रयोगावरून त्याचं रनिंग कमी करू नका, सोळाशेला ६० मार्क आहेत.

बीपीएडवाली_चिकोडी
पाय होते हे बरोबर आहे. पण झोप, खाणं आणि दमणं सगळ्या अंगाचं एकच असतं. रनिंग बंद कर म्हटलं नाही मी. दोन वेळचं एक वेळ कर म्हणतेय, तेही आठवड्यातले तीन दिवस जोरात, बाकीचे हलकं.

निवृत्त_हवालदार
दोघांनाही एक सांगतो. भरतीच्या रॅलीत, म्हणजे ग्राउंडवर, आधी सोळाशे पळवतात आणि बीम त्याच्यानंतर असतं. ताज्या हातांनी दहा मारून उपयोग काय, पळून आल्यावर निघायला हवेत. म्हणून पोरगा करतोय ते तसं चूक नाही.

मार्कांचं गणित ध्यानात ठेव बाळा. सोळाशे ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत आलास तर ६०. बीम १० ला ४०, ९ ला ३३, ८ ला २७, ७ ला २१, ६ ला १६. म्हणजे सहाच्या पुढे एक वाढलं तरी निदान पाच मार्क. मेरिट लागताना एवढ्यावर पोरं राहतात. आणि हात पूर्ण सरळ झाल्याशिवाय पुढचं मोजत नाहीत. झटका देऊन, पाय मारून काढलेलं धरत नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये आमच्या उस्तादांनी हेच पहिल्या दिवशी शिकवलं.

बीपीएडवाली_चिकोडी
हवालदार काका, तुमचं बरोबर आहे. मग आठवड्यातून एकदा, समजा शनिवारी, पूर्ण परीक्षा घ्यायची. सोळाशे वेळ लावून, मग बीम. बाकी दिवस ताज्या हातांनी.

सीमाभागवाला_निपाणी
आमच्या भावाचा कोल्हापुरात रूमचा पत्ता आहे. त्याला तिकडच्या भरतीला उतरता येईल काय?

निवृत्त_हवालदार
रूमच्या पत्त्यावर नाही. रहिवासी दाखला ज्या जिल्ह्याचा, भरती कार्यालय तिथलंच. इथे वेगळा धागा काढा, पोराचा प्रश्न बाजूला पडतोय.

आज्जीचा_नातू
बीमवरून आठवलं. मुठीची ताकद सगळ्यांनी जपायला हवी. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये १७ देशांतल्या जवळजवळ १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास आला, त्यात भारतही होता. मुठीची पकड ५ किलोनं कमी तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला. घरातल्या म्हाताऱ्यांना टॉवेल पिळायला लावा, बाजाराची पिशवी उचलू द्या.

नर्स_गोकाक
धाग्यावर येते. हात सुटेपर्यंत रोज दोनदा, हे कोपरासाठी चांगलं नाही. कोपराच्या आतल्या हाडाजवळ दुखायला लागलं तर थांब. आणि कधी खूप बीम मारल्यावर दंड सुजून कडक झाले, लघवी गडद तपकिरी आली, तर घरी तेल चोळत बसू नको, त्याच दिवशी दवाखान्यात जा. स्नायू मोडून त्यातला भाग मूत्रपिंडात जातो. क्वचित होतं, पण भरतीच्या पोरांत होतं.

खाण्याचंही सांगते, विचारलं नाहीस तरी. किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात, म्हणजे तुला दिवसाला ११० ग्रॅमवर. पावडर नको. मूठभर शेंगदाणे, चार अंडी, अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, यातच ७० च्या वर जातं. उरलेलं भाकरी, आमटी, उसळीतून येतं. ग्राउंडपर्यंत उपास करून वजन उतरवू नको, ताकद आधी जाईल.

खानापूरचा_पोरगा
हात पूर्ण सरळ करतोय, सर बघतात. संध्याकाळचं रनिंग बंद केलं तर सर ओरडतील, त्यांना काय सांगू? आणि दोर आहे आमच्या तालमीत. दोर आणि ते सावकाश उतरणं एकाच दिवशी चालेल काय?

तांबडी_माती
चालेल. आधी दोर.

बीपीएडवाली_चिकोडी
एकाच दिवशी नको. मंगळवारी आणि शुक्रवारी दोर, त्या दिवशी उतरणं नाही, बीमचे सेटही निम्मे. सरांना सांग, तीन आठवडे असं करून बघतो, शनिवारी तुम्हीच मोजा. आकडा वाढला नाही तर तुमचं ऐकतो.