तुऱ्यावरून गवत ओळखायचंय, चार नमुने आहेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गणपतीत सुरू झालेला घोळ अजून मिटलेला नाही. गाव पुरंदर तालुक्यात, घरामागे दीडेक एकर पडीक माळ. पूजेसाठी सकाळी दुर्वा खुडायला मी गेले आणि मोठ्या कौतुकाने जुडी आणून ठेवली. सासूबाईंनी एक काडी उचलली आणि म्हणाल्या, "ही हरळी नव्हे गं. तुरा बघ की!" तोवर जमिनीलगत पसरणारं आणि पेराला मुळं फुटणारं जे दिसेल ते हरळीच, अशी माझी समजूत होती.

दसऱ्याला पुन्हा गेले तेव्हा मुद्दाम तुरे धरलेली चार गवतं आणली आणि रद्दीत दाबून ठेवली. मोबाईलमधल्या ॲपने एकाच काडीच्या तीन फोटोंना तीन नावं दिली, म्हणून इथे विचारतेय. फोटो चढत नाहीयेत, वर्णन करते.

१) जुडीतलं तेच. काडीच्या शेंड्याला एकाच ठिकाणाहून फुटलेली चार बोटं. आखूड, जाड, आडवी पसरलेली. दाणे बोटाच्या एकाच बाजूला दाटीने. बोटाचं टोक मात्र बोडकं, काट्यासारखं पुढे आलेलं.

२) बाटली धुवायच्या ब्रशसारखा एकच तुरा, बोटभर लांब, पिवळट केसांचा. कपड्यांना चिकटत नाही.

३) बारीक, जांभळट अशा पाच-सहा काड्यांचा तुरा. पेरावर पांढऱ्या केसांचं कडं. चुलत सासरे छातीठोकपणे सांगतात, मारवेल आहे.

४) लांब काळी कुसळं, शेंड्याला एकमेकांत पिळून वेणी झालेली. ही कुसळीच ना? सॉक्समधून उपटताना अर्धा तास गेला.

दाणा, केस, कुसळ यांतलं आधी काय बघायचं, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

माळरान:
ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा. नमुना १ म्हणजे डॅक्टिलोक्टेनियम इजिप्टियम. कावळ्याचा पाय डोळ्यांसमोर आणा, तसाच तुरा. तुम्ही लिहिलेलं बोडकं टोक हीच त्याची पक्की खूण. हरळीची बोटंही एकाच ठिकाणाहून फुटतात, पण ती दोऱ्यासारखी बारीक असतात आणि बारीक दाणे पार टोकापर्यंत जातात. याच्याही खालच्या पेरांना मुळं फुटतात, त्यामुळे तुरा नसताना भलेभले फसतात.

तिसरा गोंधळ रान नाचणीचा (इल्युसिन इंडिका). तिचीही बोटं टोकापर्यंत भरलेली असतात, पण बहुतेक वेळा एखादं बोट बाकीच्यांपेक्षा थोडं खाली, वेगळं फुटतं. बुडखा चपटा आणि पांढुरका. उपटून बघा, सहजी येत नाही.

कुसळ_काढणारा:
४ कुसळीच, हेटरोपोगॉन कॉन्टॉर्टस. एक सुटं कुसळ घ्या, पाण्यात बुडवा आणि तळहातावर ठेवा. स्वतःभोवती फिरायला लागेल. सुकताना पीळ बसतो, ओल लागली की सुटतो. खालचं टोक सुईसारखं, त्यामुळे असं फिरत फिरत बी मातीत शिरतं. तसंच ते मेंढीच्या लोकरीत आणि कातडीतही शिरतं. म्हणून हे गवत कुसळं धरण्याआधीच चारायचं किंवा कापायचं.

माळरान:
२ बद्दल: एक तुरा चिमटीत धरून दाणे झाडून बघा. दाणे गेले आणि केस दांडीवरच राहिले तर सेटारिया, म्हणजे आपल्या राळ्याचा रानटी भाऊबंद. केसांसकट गळालं तर अंजन गवताच्या (सेंक्रस) बाजूला शोधायचं. सेटारियातही बोट फिरवून कळतं. बुडाकडून शेंड्याकडे जाताना मऊ लागलं तर पिवळ्या केसांची सेटारिया पुमिला. त्याच दिशेने जाताना खरखर लागली तर सेटारिया व्हर्टिसिलाटा, आणि ती कपड्यांना चिकटल्याशिवाय राहत नाही.

रानवाट:
३ वर एवढ्यात शिक्का मारू नका. पेरावर केसांचं कडं मारवेललाही असतं (डायकँथियम ॲन्युलेटम) आणि बोथ्रिओक्लोआ पर्टुसालाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर बघा. दाणे जोडीने असतात, एक दांडीला चिकटलेला आणि एक छोट्या देठावर. चिकटलेल्याच्या बाहेरच्या तुसावर टाचणीने टोचल्यासारखा खड्डा दिसला तर बोथ्रिओक्लोआ. पर्टुसा या शब्दाचा अर्थच भोक पडलेली. शिवाय देठ उजेडासमोर धरा, मधोमध पारदर्शक रेघ दिसेल. मारवेलमध्ये खड्डाही नाही आणि रेघही नाही.

आधी काय बघायचं विचारलंत. मी आधी फांद्या कुठून फुटतात ते बघतो: एकाच ठिकाणाहून, दांडीवर वरखाली, की एकच सलग कणीस. मग दाणे एका बाजूला की चहूकडून. कुसळ आणि केस त्यानंतर. रंगावर अजिबात जाऊ नका, एकाच गवताचा तुरा उन्हात जांभळा आणि झाडाखाली हिरवा असतो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! भाच्याच्या शाळेच्या दप्तरातलं भिंग मिळालं.

२ चे केस दांडीवरच राहिले, वर जाताना मऊ. म्हणजे राळ्याचा भाऊबंद. कुसळ तळहातावर फिरलं तेव्हा घरातली सगळी पोरं गोळा झाली, आता पाण्याची वाटी हलत नाहीये.

३ मध्ये खड्डा आहे! रेघही दिसली. चुलत सासऱ्यांना फोन केला तर म्हणाले, "मेंढ्या खातात ना? मग त्यांना कशाला भिंग पाहिजे!"

जाता जाता एक. ओढ्याकाठी याच उंचीचं आणखी एक होतं, तुरा तपकिरी, काडी बोटांत फिरवली तर तीन कडा लागतात. आणलं नाही. ते काय असेल?

माळरान:
तीन कडा आणि काडीला पेर नाही, पानं तीन बाजूंना? मग ते गवतच नाही, लव्हाळ्याच्या कुळातलं आहे. पुढच्या वेळी मुळासकट आणा, गाठी आहेत का ते बघू.